पोरं आळशी नाहीत, कागद कुलपात आहेत

पुण्यात इंजिनिअरिंगच्या मुलांमध्ये आणि त्यांच्या पालकांमध्ये एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. कॉम्प्युटरच्या आतल्या भागांची सगळी तांत्रिक माहिती नेटवर फुकट मिळते, मिळत नाही म्हणणारा आळशी; आणि कंपन्या जे थोडंफार झाकतात ते नक्कल होऊ नये आणि सुरक्षितता राहावी म्हणून. यातलं जवळजवळ काहीच खरं नाही.

सगळं मिळतं? इंटेलच्या प्रोसेसरचं मॅन्युअल मिळतं. पाच हजारांच्या आसपास पानं आहेत, फुकट आहेत, आणि उत्तम आहेत. पण मशीन चालू होताना रॅम सुरू करून तिचं टायमिंग जुळवणारा कोड इंटेल फक्त बायनरी रूपात देते, म्हणजे मशीनला चालवता येतो पण माणसाला वाचता येत नाही अशा रूपात. स्वतःचा बायोस, म्हणजे मशीन चालू करणारा पहिला प्रोग्रॅम, लिहायला बसलेला विद्यार्थी तिथेच अडतो. ग्राफिक्स कार्डासारखे भाग बोर्डाला जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसचं स्पेसिफिकेशन सभासद कंपन्यांसाठी असतं आणि सभासदत्वाची फी वर्षाला हजारो डॉलर. कितीतरी चिपांची पूर्ण डेटाशीट (चिपची तांत्रिक माहितीपुस्तिका) एनडीएवर, म्हणजे गुप्ततेच्या करारावर, सही केल्याशिवाय दिसत नाही. ती सही करायला आधी कंपनी हवी, मोठी ऑर्डर हवी. तपकीर गल्लीच्या परिसरात लॅपटॉपचा बोर्ड दुरुस्त करणाऱ्या माणसाला एक शॉर्ट शोधायचा असतो. त्यासाठी लागणारं स्केमॅटिक, म्हणजे सर्किटचा नकाशा, कंपनी त्याला देत नाही, म्हणून तो कुठून तरी बाहेर आलेली फाईल शोधतो. याला आळशी म्हणायचं?

आणि कधीकधी कागद हातात असूनही उपयोग नसतो. चिप बनवणाऱ्या एएमडीने स्क्रीन जोडायच्या एचडीएमआय २.१ साठी मुक्त ड्रायव्हर, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता येईल असा, तयार केला होता. २०२४ च्या फेब्रुवारीत हे मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने तो प्रसिद्ध करायला नकार दिला.

नक्कलीची भीती मी समजू शकतो, पण इतिहास वेगळं सांगतो. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या टेक्निकल रेफरन्समध्ये सर्किटचे नकाशे आणि बायोसचं संपूर्ण लिस्टिंग छापलेलं होतं. त्यावर कॉपीराइट होता, म्हणून तसाच पीसी बनवणाऱ्या कॉम्पॅक कंपनीला स्वतःचा बायोस नव्याने लिहावा लागला. पीसी जगभर पसरला तो याच उघडेपणामुळे. पुण्यातच सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर उभा केला तो इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर या प्रोसेसर चिपवर, आणि त्या चिपची डेटाबुकं पुस्तकासारखी विकत मिळायची.

सुरक्षिततेबद्दल एकच सांगतो. मशीन दुरून हाताळायच्या इंटेलच्या एएमटी या बंद फर्मवेअरमधली (चिपच्या आत बसवलेल्या प्रोग्रॅममधली) चूक २०१७ मध्ये उघड झाली: पासवर्डच्या उत्तराची जागा रिकामी ठेवली तरी ते आत घेत होतं. ही चूक कित्येक वर्षं, कित्येक पिढ्यांच्या मशीनमध्ये होती.

राहिला आळस. नूवो या मुक्त ड्रायव्हरच्या प्रकल्पातल्या लोकांनी कसलेही कागद नसताना एनव्हिडियाची ग्राफिक्स कार्डं काय करतात ते बाहेरून निरखून ड्रायव्हर लिहिला, वर्षानुवर्षं खपून. पुढे मॅक्सवेल या कार्डांच्या दुसऱ्या पिढीपासून एनव्हिडियाने स्वतःची डिजिटल सही असलेलं फर्मवेअर सक्तीचं केलं, आणि एवढं सगळं शिकलेल्या या लोकांना त्या कार्डांचं क्लॉक, म्हणजे चालायचा वेग, वाढवणंही अशक्य झालं.