नव्वद रुपयांच्या पुस्तकावर तीनशे पाच रुपये फाइन

परवा भाचीसोबत तिच्या कॉलेजात गेलो होतो, लायब्ररीच्या काउंटरवर ३०५ रुपये मोजून आलो, आणि तेव्हापासून डोक्यात जे फिरून राहिलं ते आज लिहूनच काढतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही. एक तर पोरीला तिथं अजून दीड वर्ष काढायचंय, आणि दुसरं म्हणजे ज्याला ज्याला हे सांगितलं तो म्हणतो, "आमच्याच कॉलेजचं सांगून राहिले का भाऊ?"

तर झालं असं. भाची बीए सेकंड इयरला आहे, मराठी घेतलंय. सरांनी प्रोजेक्ट दिलं लोककलांवर, तिनं खडी गंमत आणि दंडार घेतलं, कारण आमचं मूळ गाव ब्रह्मपुरीकडचं आणि तिचे आजोबा, म्हणजे माझे वडील, पोरवयात दंडारीत नाचलेले. लायब्ररीत एक जुनं पुस्तक मिळालं, ९ ऑक्टोबरला इश्यू केलं, सात दिवसांची मुदत. मग दिवाळी आली, ही पुस्तक घेऊन गावाला गेली, आणि तिथं वडिलांनी ते ताब्यातच घेतलं. चष्मा लावून ओसरीवर बसायचे, गाण्याची ओळ आली की मोठ्यानं म्हणायचे आणि "हे असं नाही म्हणत, चुकीचं छापलं" म्हणून पुस्तकालाच झापायचे. पोरीनं ते सगळं मोबाईलवर रेकॉर्ड केलं, प्रोजेक्टला जोडलं, सरांनी शाबासकी दिली. पुस्तक द्यायचं मात्र राहून गेलं. चूक तिची, हे आधीच कबूल करतो, नाहीतर कमेंटमध्ये "नियम म्हणजे नियम" वाले येतातच.

१६ डिसेंबरला हॉल तिकीट घ्यायला गेली तर नो ड्यूजवर लायब्ररीचा शिक्का पाहिजे. काउंटरवर हिशोब झाला, ६१ दिवस, दिवसाला पाच रुपये, ३०५. घाबरून मला फोन, "मामा, आईला नका सांगू." गेलो. पैसे भरायला माझी ना नव्हती, पण हिशोबाची सवय आहे, म्हणून तिथंच भिंतीवरचं कॅलेंडर पाहून दिवस मोजले. दिवाळीत लायब्ररी १८ दिवस बंद. नंतर स्टॉक टेकिंगसाठी, म्हणजे पुस्तकांच्या मोजणीसाठी, सहा दिवस इश्यू-रिटर्न बंद, तशी नोटीस अजून दारावर चिकटलेली होती. उरलेले रविवार सहा. म्हणजे ६१ पैकी ३० दिवस तुम्ही स्वतःच दुकान बंद करून बसले होते, पुस्तक द्यायचं म्हटलं तरी घेणारं कोणी नव्हतं, आणि त्या दिवसांचेही १५० रुपये तुम्ही लावून राहिले. विचारलं तर उत्तर काय, "सॉफ्टवेअर मोजते साहेब, आम्ही नाही मोजत." बाप्पा! सॉफ्टवेअरमध्ये सुट्ट्यांचं कॅलेंडर भरायची सोय असते, एकदा बसून भरलं की बंदचे दिवस आपोआप गाळले जातात, पण भरणार कोण?

खरी गंमत पुढे आहे. पावती फाडेपर्यंत पुस्तक माझ्या हातात होतं. बाइंडिंग सुटलेलं, मागून डिंकाची पट्टी मारलेली, कण्यावर ३९८ चं, म्हणजे लोकसाहित्याच्या नंबरचं, लेबल, किंमत छापलेली ९० रुपये. शेवटच्या पानावर ती चिठ्ठी असते ना तारखांच्या शिक्क्यांची, ती उघडली. शेवटचा शिक्का भाचीचा, १६ ऑक्टोबर, अजून जांभळा. त्याच्या वरचा शिक्का पुसट झालेला, उजेडात धरून वाचला: २२ जाने. २०१४.

अकरा वर्षं! अकरा वर्षं त्या पुस्तकाला कोणी हात लावला नव्हता आणि एका पोरीनं ते दोन महिने जास्त ठेवलं म्हणून किमतीच्या तिप्पट दंड. मला सांगा, या दंडानं कोणाचं नुकसान भरून निघालं? मागे कोणी वेटिंगवर होतं का? टेक्स्टबुक असेल, परीक्षा तोंडावर असेल, पाच कॉप्या आणि ऐंशी पोट्टे असतील तर फाइन लावा, डबल लावा, माझं काही म्हणणं नाही. पण इथे पुस्तक आलं असतं तर परत त्याच रॅकवर त्याच धुळीत जाऊन बसलं असतं. माझा सगळा राग यावरच आहे की आपल्या कॉलेजच्या लायब्रऱ्यांचा प्रत्येक नियम पुस्तक हरवू नये या भीतीतून निघतो. ते कोणी वाचावं, याची काळजी कोणत्याच नियमात दिसत नाही.

भीती कुठून येते तेही सांगतो, कारण काउंटरमागच्या माणसाला शिव्या घालणं सोपं आहे. मी स्वतः नागपुरात बर्डीजवळच्या एका कॉलेजातून बीकॉम केलं, तेव्हा आमच्याकडे एक अटेंडंट काका होते. कार्ड कॅटलॉगचे ते लाकडी ड्रॉवर, कडा काळ्या पडलेली कार्डं, आपण चिठ्ठीवर नंबर लिहून जाळीतून आत सरकवायची आणि काका आतून पुस्तक आणून द्यायचे. रॅकपाशी जायची परवानगी नाही. काकांना चिठ्ठीची गरजच नसायची, "सेकंड इयर कॉस्टिंग ना? निळं घेशील का जाडं?" एवढंच विचारायचे. थर्ड इयरला ओपन अॅक्सेस सुरू झाला, रॅक मोकळे, आणि आम्ही काय केलं? परीक्षेच्या आधी कॉस्टिंगचं ते निळं पुस्तक मी संस्कृतच्या रॅकमागे लपवलं. हाव, मीच. दीड महिना ते माझ्या एकट्याच्या मालकीचं होतं, रोज जायचो, काढायचो, वाचायचो, परत कालिदासाच्या मागे ठेवायचो. दुसऱ्या एकानं तर ब्लेडनं पूर्ण चॅप्टरच कापून नेला होता. ओपन अॅक्सेसमध्ये जागेवर नसलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलंच. त्या वर्षीच्या स्टॉक टेकिंगला पुस्तकं कमी भरली आणि काका महिनाभर रजिस्टर घेऊन रॅकमागून रॅक पालथे घालत होते. काऊन, तर "पगारातून कापतील". ते निळं पुस्तक त्यांनीच शोधलं, माझ्याकडे नुसतं पाहिलं, बोलले काहीच नाही. आजही कोणी फाइनवरून लायब्ररीवाल्यांशी भांडताना दिसलं की मला तो चेहरा आठवतो.

आता यात एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. केंद्र सरकारचे जनरल फायनान्शियल रूल्स आहेत, २०१७ चे, त्यातला नियम २१५ लायब्ररीच्या पुस्तकांबद्दल आहे. त्यात स्वच्छ म्हटलंय की वर्षभरात जी पुस्तकं इश्यू होतात किंवा वाचायला दिली जातात त्यातल्या दर हजारामागे पाचपर्यंत गहाळ होणं हे रास्त मानावं, अर्थात बेइमानी किंवा हलगर्जीपणा नसेल तर. हजार रुपयांवरचं किंवा दुर्मिळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी होते. म्हणजे सरकार, जे पेन्सिलीचाही हिशोब मागतं, तेच कबूल करतं की पुस्तकं वापरली तर थोडी जाणारच. हा नियम केंद्र सरकारच्या ऑफिसांसाठी आहे, आपलं कॉलेज त्याखाली येत नसेल, पण कॉलेजांनी तो उचलायला काय हरकत आहे? काउंटरवरच्या माणसाला एवढा दिलासा मिळाला की वर्षाला दहा-वीस पुस्तकं गेली तर तुझ्या खिशातून नाही जाणार, तर तो पण जाळी थोडी उघडेल ना.

आणि हे अमेरिकेचं उदाहरण देऊन राहिलो म्हणून हसू नका. शिकागोच्या सार्वजनिक लायब्ररीनं ऑक्टोबर २०१९ मध्ये उशिराचा फाइनच बंद केला, न्यूयॉर्कनं २०२१ मध्ये. शिकागोत तर फाइन गेल्यावर वर्षानुवर्षं घरात दडवलेली पुस्तकं लोक आणून देऊ लागले. कारण साधं आहे, फाइन वाढत गेला की माणूस पुस्तक परत करत नाही, तोंड लपवतो. आमची भाचीच बघा, नोव्हेंबरमध्ये एकदा दारापर्यंत जाऊन परत आली होती, किती लागेल या भीतीनं. मी म्हणत नाही पूर्ण बंद करा, पण बंदचे दिवस मोजू नका आणि पुस्तकाच्या किमतीवर फाइन नेऊ नका. ९० चं पुस्तक तर जास्तीत जास्त ९०. एवढं तर शाळेतला पोरगाही कबूल करेल.

फाइन सोडा, वेळेचं घ्या. भाचीच्या कॉलेजात इश्यू फक्त दोन ते चार. लेक्चर साडेबाराला संपतात. तिच्या वर्गात काटोल, उमरेड, कुहीकडून एसटीच्या पासवर येणाऱ्या पोरी आहेत, त्यांची गाडी दीडची, ती चुकली तर घरी पोचायला संध्याकाळ. या पोरींनी पुस्तक कधी न्यायचं? डॉ. एस. आर. रंगनाथन, ज्यांच्या वाढदिवसाला, १२ ऑगस्टला, दरवर्षी आपले कॉलेजवाले हार घालून ग्रंथपाल दिन साजरा करतात, त्यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं मांडली. पहिलंच सूत्र, पुस्तकं वापरण्यासाठी आहेत. चौथं, वाचकाचा वेळ वाचवा. भाचीच्या लायब्ररीत ती पाचही सूत्रं फ्रेम करून लावलीत, बरोबर त्या पाटीच्या वर, जिच्यावर लिहिलंय "इश्यू २ ते ४, इतर वेळी विचारणा करू नये".

अजून एक पाटी आहे, "स्वतःची पुस्तकं व बॅग आत आणू नये". बॅग समजू शकतो. पण स्वतःची पुस्तकं, नोट्स आणायच्या नाहीत तर रीडिंग रूममध्ये पोट्ट्यानं काय पंखे मोजायचे? मग बाहेर काय होतं, नागपुरात गल्लीगल्लीत खासगी अभ्यासिका निघाल्या, महिन्याचे हजार-बाराशे, एक टेबल, एक प्लग पॉइंट आणि कूलर. एमपीएससीवाले, नीटवाले, सगळे तिथं. आणि कॉलेजची रीडिंग रूम, उंच छताची, ज्यात दोनशे पोरं बसतील, ती पाच वाजता कुलूपबंद. उन्हाळी परीक्षेच्या वेळी तर बोलायलाच नको, बाहेर पारा ४५ आणि आत कूलर आहे पण पाणी भरायला माणूस नाही.

माणूस नाही हे मात्र खरं आहे हो. अटेंडंट रिटायर झाले की जागा भरत नाहीत, ग्रंथपाल मॅडम एकट्या, त्यात परीक्षेची ड्युटी, स्कॉलरशिपचे फॉर्म, कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या नॅकच्या फाइली. दारावरच्या रजिस्टरमध्ये सही केल्याशिवाय आत सोडत नाहीत, मी म्हटलं मी तर फाइन भरायला आलो, तरी सही घेतली. नॅकला रोज किती जण लायब्ररी वापरतात तो आकडा दाखवावा लागतो ना! तर यंदाच्या आकड्यात मी पण एक वाचक आहे, लक्षात ठेवा.

बोर्डावर "ई-रिसोर्सेस उपलब्ध : एन-लिस्ट" असंही झळकत होतं. भाचीला विचारलं हे काय, तिला माहीत नाही. हे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राचं आहे, कॉलेजनं मेंबरशिप घेतली की पोरांना लॉगिन मिळतं आणि घरबसल्या हजारो जर्नल्स, लाखाच्या वर पुस्तकं उघडतात. कॉलेज पैसे भरतं, पासवर्ड मात्र कोणाला माहीत नाही. मॅडमना विचारलं तर त्या बिचाऱ्या खूशच झाल्या, म्हणाल्या कोणी मागायलाच येत नाही, आणि दहा मिनिटांत पोरीचं नाव नोंदवून घेतलं. हे अॅडमिशनच्या दिवशीच सगळ्यांना देऊन टाकलं तर? बाकी ज्यांच्या कॉलेजात हे नाही त्यांनी आयआयटी खरगपूरची नॅशनल डिजिटल लायब्ररी बघा, ती सगळ्यांना फुकट आहे, रजिस्टर करा फक्त.

निघताना पुस्तक परत इश्यू करून मागितलं, वडिलांना अजून पाहिजे होतं. तर कार्ड हॉल तिकिटासाठी जमा, परीक्षा संपल्यावर या.

शनिवारी परत गेलो. साध्या मराठीत अर्ज लिहिला, तीनच मागण्या: बंदचे दिवस फाइनमधून वगळा, फाइनला पुस्तकाच्या किमतीची मर्यादा ठेवा, बाहेरगावच्या पोरींसाठी साडेबारा ते दीड काउंटर उघडा. ऑफिसातल्या क्लार्कनं शांतपणे वाचला, आवकचा शिक्का मारला, म्हणाला पुढच्या लायब्ररी कमिटीच्या मीटिंगमध्ये ठेवतो. म्हटलं, कधी आहे मीटिंग? त्यानं ड्रॉवर उघडला, एक फाइल काढली, चार पानं उलटली, परत ठेवली.

"आधी मागची कधी झाली ते पाहावं लागेल."