परदेशातून : लेझीम कुणाच्या हातात?

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीन आठवडे एकच भांडण चालू आहे. सोलापुरात मिरवणुकीला डीजे असावा की नसावा. एका बाजूचं म्हणणं, पोरं वर्षभर राबतात, चार दिवस नाचली तर कुणाच्या पोटात का दुखावं? दुसरी बाजू म्हणते, शहर राहण्याजोगं उरलेलं नाही, म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं सोसतायत, एकदाची कायमची बंदी घाला. इथवर ठीक होतं. मग बंदीवाल्यांपैकी एकानं मला मध्ये ओढलं. ‘हा जर्मनीत लाइप्झिगला राहतो, ह्याला विचारा तिकडं किती शांत असतं ते.’ त्यावर लगेच पलीकडून उत्तर आलं, ‘तो तिथं बसून काय सांगणार बे?’

मला दोघांचाही राग आला. जास्त पहिल्याचा, कारण त्यानं मला न विचारता शांततेचा साक्षीदार करून उभं केलं.

आधी बाबांचं सांगतो, म्हणजे मी डीजेवाल्यांची बाजू घेतोय असं कुणाला वाटायला नको. बाबांच्या शेवटच्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या रात्री मी व्हिडिओ कॉलवर होतो. मिरवणूक साखर पेठेतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली होती. बहिणीनं फोन फळीवर टेकवून ठेवला होता आणि पडद्याच्या कोपऱ्यात मला स्टीलचा एक पेला दिसत होता. तो पेला फळीवर आपोआप सरकत होता. प्रत्येक ठोक्याला थोडा थोडा करत काठापर्यंत आला, तेव्हा बहिणीनं उठून तो खाली ठेवला. बाबा पलंगावर बसून होते, एक हात छातीवर. ते म्हणाले, ‘ऐकू येत नाही रे मला, पण आत वाजतंय.’

बाबांना ऐकू येत नव्हतं ते मागांमुळं. आयुष्यभर आधी गिरणीत आणि मग पॉवरलूमवर काढलं. सोलापूरच्या आवाजाबद्दल बोलणाऱ्यांनी हे विसरू नये, की आमचं गाव कधीच शांत नव्हतं. जुनी मिल 1877 ची, तेव्हापासून हे शहर खडखडाटात वाढलंय. आमच्या शेजारच्या पद्मशाली घरांत रात्रभर माग चालायचे. झोपेत जाग यायची ती माग बंद पडला की. वीज गेली, खटखट थांबली आणि सगळी गल्ली उठून बसली, असं मी कितीदा पाहिलंय. तेव्हा ‘पूर्वी कसं शांत होतं’ असं कुणी म्हणालं की माझ्या डोक्यात जातं. पूर्वी काही शांत नव्हतं. पण त्या प्रत्येक खटखटीमागं एक माणूस उभा होता, त्याचं पोट त्यावर होतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि जर्मनी? इथं रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळतात, रविवारी काचेच्या बाटल्यासुद्धा कंटेनरमध्ये टाकत नाहीत. मान्य. पण आपल्याकडं तरी नियम कुठं वेगळा आहे? 2000 साली केंद्राचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, त्यातही रात्र दहा ते सहाच आहे. निवासी भागाला दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. इथल्या साध्या निवासी वस्तीला दिवसा 55 आणि रात्री 40. म्हणजे दिवसाचा आकडा एकच, रात्रीचा पाचानं कमी. आपल्या नियमांत तर सरकारला वर्षातले पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सूटही देता येते. ग्रुपवरच्या आमच्या विद्वानांपैकी किती जणांनी हे वाचलं असेल? आणि इथं एकतीस डिसेंबरच्या रात्री जे फटाके उडतात, त्यांच्या धुरात आमच्या रस्त्याच्या पलीकडची घरं दिसत नाहीत. तेव्हा कुणी म्हणत नाही की जर्मन लोक असंस्कृत झाले.

पण फक्त आकड्यांवर हे भांडण मिटणारं नाही. डेसिबलचं गणितच असं आहे की दहा वाढले तर ध्वनीची शक्ती दहापट होते; पंचावन्नाचे शंभरावर गेले की ते ‘थोडं जास्त’ राहत नाही. शिवाय त्यातला खर्जाचा ठोका भिंती अडवत नाहीत. तिखट आवाज भिंतीला आपटून मरतो, जाड आवाज आरपार येतो. पेला सरकला तो त्यामुळं. हे सगळं खरं आहे, आणि एवढ्यासाठीच डीजेच्या स्पीकरच्या त्या भिंती रस्त्यावरून उतरवायला हव्यात, यात मला तिळमात्र शंका नाही. तरी बंदीवाल्यांच्या बाजूला जाऊन बसावंसं मला वाटत नाही. कारण त्यांना आवाज नकोय, आणि मला माझा आवाज परत हवाय.

माझ्या लहानपणी गणपतीच्या महिनाभर आधी लेझीमचा सराव सुरू व्हायचा. रात्री जेवणं झाली की गल्लीत दोन रांगा. पहिल्या आठवड्यात तळहाताला फोड यायचे, ते फुटायचे, मग तिथं कातडं घट्ट व्हायचं. भादव्यात हवा दमट, हलगीचं कातडं सैल पडायचं. मग हलगीवाले मामा रस्त्याच्या कडेला वर्तमानपत्राचा बोळा पेटवायचे आणि हलगी त्यावर धरून फिरवायचे. मध्येच बोटाच्या टिचकीनं वाजवून बघायचे. पहिल्या टिचकीला ‘ढप’ यायचं. पुन्हा शेकायचे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ते कातडं ‘टण’ बोललं की मामांच्या भुवया वर जायच्या. मग एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी, आणि पहिला ठोका पडण्याआधीच आमचे पाय उचललेले असायचे. मी त्यानंतर पुष्कळ मोठे कलावंत ऐकले. वाद्य लावणं म्हणजे काय हे मला साखर पेठेच्या रस्त्यावर कळलं.

कान मात्र घरात तयार झाला. बाबांना थोडंफार ऐकू येत होतं तोवर रेडिओवर धारवाड लागायचं. आमच्या घरात कन्नड कुणाला धड येत नव्हतं, पण निवेदनाचा सूर कळायचा आणि पुढचं गाणं तर कळायचंच. शेजारी तेलुगू भजन, पलीकडच्या मोहल्ल्यात कव्वाली. सोलापूरच्या माणसाला ‘तुमचं संगीत कोणतं’ असं विचारू नये, तो गोंधळेल.

इथं मी शुक्रवारी संध्याकाळी सहाला थॉमसकिर्शमध्ये जातो. वीस वर्षं जातोय. संगीतकार बाख 1723 मध्ये ह्याच चर्चमध्ये नोकरीला आला आणि 1750 मध्ये मरेपर्यंत ह्याच गावात राहिला. त्याची समाधी आत आहे. पोरांचा कोरस वरच्या सज्जात उभा राहून गातो, आपली पाठ त्यांच्याकडं. शेवटचा स्वर छताखाली कितीतरी वेळ तरंगतो आणि कुणी टाळी वाजवत नाही. प्रार्थना आहे ती, बरोबरच आहे. पण पहिल्या वर्षी एकदा माझ्या तोंडून ‘वाह’ निघून गेलं. मोठ्यानं नव्हे, सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात एखाद्या जागेवर निघतं तेवढंच. पुढच्या बाकावरची बाई वळली. रागानं नाही, मला काही दुखतंय का ते बघायला. त्या दिवसापासून मी ती दाद गिळतो. वीस वर्षं गिळतोय.

म्हणून मला इथलं फुटबॉल आवडतं, फुटबॉलमधलं मला फारसं कळत नसताना. शहरातल्या लॉइच भागातल्या जुन्या मैदानावर केमी लाइप्झिग ह्या संघाचे सामने होतात. 1964 ला हा संघ पूर्व जर्मनीचा विजेता होता, आता खालच्या लीगमध्ये खेळतो. तिथं एक जण कुंपणावर चढून मैदानाकडं पाठ करतो, ढोलवाला त्याच्याकडं बघतो आणि हजारो माणसं नव्वद मिनिटं गातात. बेसूर गातात. पण चेंडू खेळात असताना स्पीकरवर गाणं लागत नाही. आवाज काढायचा असेल तर तो स्वतःच्या गळ्यातून काढावा लागतो. आपल्याकडं आयपीएलचा सामना बघा. षटक संपलं की गाणं, चौकार गेला की गाणं, टाळ्या कधी वाजवायच्या तेही स्पीकरच सांगतो. पार्क मैदानावर मी लहानपणी जे सामने पाहिले, तिथं चांगला चेंडू पडला की एका कोपऱ्यातून ‘अरे बाबो’ उठायचं आणि दुसऱ्या कोपऱ्यातून त्याला उत्तर यायचं. मैदानावर मशीननं गळा घेतला, रस्त्यावर मशीननं हात घेतला. माझी तक्रार एवढीच आहे आणि ग्रुपवर तिला जागा नाही.

डीजेवाल्यांना मला विचारायचंय, पोरांनी नाचायचं कशावर असं म्हणता, पण वाजवायचं कुणी हे कधी विचारलंत? पोरगं गर्दीत दोन हात वर करून उड्या मारतं, चार तासांनी घरी जातं. त्याच्या तळहाताला काय येतं? आणि बंदीवाल्यांना विचारायचंय, डीजे गेल्यावर त्या रस्त्यावर तुम्ही कोण येणार आहात? की खिडक्या लावून झोपणार? इथल्या कॉन्सर्ट हॉलचं नाव गेवांडहाउस आहे. कापड व्यापाऱ्यांच्या इमारतीत 1781 साली जलसे सुरू झाले, त्यावरून ते नाव पडलं. कापडवाल्यांच्या गावानं गाणं जपलं. आपलंही गाव कापडवाल्यांचंच.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, जवळपास असंच. आणि शेवटी लिहिलं की ज्या मंडळाला डीजे सोडून हलगी-लेझीम आणायची असेल, त्याचा हलगीवाल्यांचा खर्च मी देतो. पुष्कळांनी हात जोडलेले चित्र टाकले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

रात्री सतीशचा फोन आला. शाळेत आम्ही लेझीमला जोडीला असायचो, तो उजवीकडं, मी डावीकडं. तो अजून साखर पेठेतच आहे, दोन माग चालवतो. ग्रुपवर कधी बोलत नाही. म्हणाला, ‘वाचलं बे तुझं. चांगलं लिहिलास. पण पैशाचं काय नाही, पैसे मंडळाकडं असतात. रांगेला माणसं कमी पडालीत. आमच्या वयाचे सहा-सात जण आहोत, पोरं बघून बघून येतील. डावीकडची जागा रिकामी आहे. तू ये.’

मी म्हणालो, बघतो.

इथं पोरांच्या शाळेला सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते आणि मग थेट ऑक्टोबरात. गणपती बरोबर मधल्या दिवसांत येतात. एवढी वर्षं हेच कारण मी आईला सांगितलं, बाबांना सांगितलं. सतीशला सांगायला तोंड उघडलं आणि आठवलं की थोरली आता शिकायला बर्लिनला गेली आहे आणि धाकट्याची शाळा ह्याच उन्हाळ्यात संपतेय.

केलरमध्ये, म्हणजे तळघरात, एका खोक्यात माझी जुनी लेझीम आहे. फोन ठेवल्यावर खाली जाऊन ती काढली. साखळीच्या दोन चकत्या गंजून एकमेकींना चिकटल्या होत्या. त्या सुट्या करताना आवाज झाला, तेव्हा पावणेअकरा वाजले होते.