चावीचं घड्याळ की स्मार्टवॉच : त्या फॉरवर्डचा समाचार

“स्मार्टवॉच म्हणजे मनगटावर बांधलेला दोन वर्षांचा कचरा. चावीच्या घड्याळाला ना बॅटरी, ना देखभाल. वेळ तंतोतंत. पाण्याला भीत नाही. रेडिएशन शून्य. नातवाच्या हाती जाईपर्यंत किंमत दसपट. स्मार्टवॉचमधले ठोके-बिके सगळ्या थापा. आजच काढून फेका.”

हा मजकूर थोड्याफार फरकाने सगळीकडे फिरतोय. लिहिणाऱ्याने नीट निगा राखलेलं यांत्रिक घड्याळ एका पारड्यात ठेवलंय आणि वाऱ्यावर सोडलेलं स्मार्टवॉच दुसऱ्या. मग काटा कुठे झुकणार ते ठरलेलंच. तेव्हा एकेक वाक्य घेऊ.

“बॅटरी नाही, देखभाल नाही”

सगळ्यात महागात पडणारं वाक्य हे, म्हणून आधी हेच. आजच्या बऱ्याच यांत्रिक घड्याळांचं बॅलन्स व्हील (पुढेमागे झोके घेत घड्याळाला ताल देणारं चाक) सेकंदाला ८ ठोके देतं. म्हणजे दिवसाला ६,९१,२०० आणि वर्षाला २५ कोटींच्या वर. ज्या अक्षावर ते फिरतं त्याची टोकं जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीची असतात आणि माणकाच्या खळग्यात तेलाच्या सूक्ष्म कणावर टेकलेली असतात. हे तेल काही वर्षांत घट्ट होतं, आटतं किंवा जागा सोडून पसरतं. मग पोलाद कोरडं घासायला लागतं. त्याची भुकटी उरल्यासुरल्या तेलात मिसळली की पॉलिश पेपरसारखं काम करणारा चिकटा तयार होतो आणि अक्षाची टोकं खायला लागतो.

खरी गोम अशी, की एवढं होऊनही घड्याळ थांबत नाही. मालक म्हणतो, “चालतंय की!” चालतंय खरं, पण आतून झिजत चालतंय. वेळेवर सर्व्हिसिंग झालं असतं तर नुसतं तेल बदलून भागलं असतं. आता चाकं आणि अक्ष बदलावे लागतात.

तपासायचं कसं? घड्याळजीकडे टाइमग्राफर नावाचं छोटं यंत्र असतं. ते मायक्रोफोनने टिकटिक ऐकून तीन आकडे दाखवतं : दिवसाला किती सेकंदांचा फरक, दोन ठोक्यांमधला असमतोल, आणि बॅलन्स व्हीलचा झोका किती अंशांचा. पूर्ण चावी दिलेलं निरोगी घड्याळ तबकडी वर ठेवल्यावर साधारण २७० ते ३१० अंश झोका घेतं. पूर्ण चावीवरही हा आकडा २०० च्या आसपास रेंगाळत असेल तर आत तेल उरलेलं नाही असं समजावं. बीट एरर, म्हणजे तो असमतोल, १ मिलिसेकंदाच्या आत हवा. टाइमग्राफरमध्ये त्या घड्याळाच्या मशीनचा लिफ्ट अँगल (धक्का मिळत असताना बॅलन्स व्हील जेवढं फिरतं तो कोन) घातलाय ना, हे विचारायला लाजू नये. बहुतेकांचा ५२ अंशांच्या आसपास असतो, पण तो चुकला तर झोक्याचा आकडाही चुकतो.

पूर्ण सर्व्हिसिंग म्हणजे मशीन शेवटच्या स्क्रूपर्यंत सोडवणं, अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिकंपनांनी साफ करणाऱ्या यंत्रात धुणं, भिंगाखाली प्रत्येक टोक बघणं, जागेनुसार तीन-चार प्रकारची तेलं आणि ग्रीस लावणं, जोडणं, वेगवेगळ्या स्थितींत वेळ जुळवणं, पाणी अडवणारी रबरी कडी, म्हणजे गॅस्केट, बदलून दाबाची चाचणी घेणं. मागचं झाकण उघडून वरून तेलाचा थेंब सोडला तर त्याला सर्व्हिसिंग म्हणत नाहीत. जुन्या घाणीवर नवं तेल पडलं की उलट नुकसानच. दर चार-पाच वर्षांनी हे करावं हा सर्वसाधारण नियम. काही कंपन्या त्यांच्या नव्या मशीनसाठी दहा वर्षांपर्यंतची मुदत देतात.

रोजची शिस्त वेगळीच. हाताने चावी द्यायचं घड्याळ रोज साधारण एकाच वेळी भरावं आणि अडलं की थांबावं. “जास्त चावी दिल्याने बिघडलं” असं म्हणतात ते बहुतेकदा तेल आटल्यामुळे थांबलेलं असतं. हाताच्या हालचालीने आपोआप भरणाऱ्या ऑटोमॅटिकला पूर्ण भरल्यावर स्प्रिंग घसरायची सोय असते, त्यामुळे ते जास्त भरत नाही. मात्र दिवसभर टेबलाशी बसणाऱ्याच्या हातावर ते अर्धपोटी राहतं. सायकोच्या एनएच३५ सारख्या मशीनची साठवण ४१ तासांची, म्हणजे पूर्ण भरल्यावर ते तेवढे तास चालतं. शुक्रवारी रात्री काढून ठेवलं तर रविवारी संध्याकाळी बंद. आणि तारीख : साधारण रात्री ९ ते पहाटे ३ या दरम्यान काटे असताना तारखेचं बटण फिरवलं की दात तुटू शकतात, कारण तारीख ढकलणारं चाक तेव्हा आधीच गुंतलेलं असतं. काटे आधी साडेसहाच्या आसपास आणावेत, कालची तारीख लावावी, मग काटे पुढे नेत आजची तारीख पडताना डोळ्यांनी बघावी. दिवस की रात्र हा घोळही त्यात मिटतो.

“वेळ तंतोतंत”

इथे फॉरवर्ड सपशेल आपटतो. स्वित्झर्लंडच्या सीओएससी या संस्थेचं क्रोनोमीटर प्रमाणपत्र मिळवायला मशीनची १५ दिवस, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत परीक्षा होते आणि सरासरी दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी मुभा असते. ही झाली हुशार मुलं. वर सांगितलेल्या एनएच३५ ला उत्पादकच दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे अशी मर्यादा देतो. साधं क्वार्ट्झ घड्याळ महिन्यात १५ सेकंदांच्या आसपास चुकतं, आणि स्मार्टवॉच फोनकडून किंवा नेटवर्ककडून वेळ दुरुस्त करून घेत राहतं, त्यामुळे त्याची चूक साठतच नाही.

तरीही, दिवसाला १० सेकंद म्हणजे ८६,४०० पैकी १०. नुसत्या स्प्रिंगवर आणि चाकांवर चालणाऱ्या वस्तूने एवढं जमवावं याचं कौतुक करावं. “तंतोतंत” हा शब्द मात्र त्याला लावू नये.

एरवी बरं चालणारं घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं, तर पहिला संशय चुंबकाचा घ्यावा. केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगचे वेढे चुंबकत्वामुळे एकमेकांना चिकटतात, तिची कामाची लांबी कमी होते आणि झोके भराभर होतात. आयएसओ ७६४ या मानकातलं चुंबकरोधक घड्याळ ४,८०० अँपियर प्रति मीटर एवढ्या क्षेत्रात टिकलं की पास. स्पीकरला, टॅबलेटच्या कव्हरच्या चुंबकाला किंवा इअरफोनच्या डबीला अगदी चिकटवून ठेवलं तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. स्मार्टवॉचच्या गोल चार्जरमध्येही चुंबक असतो. दोन्ही घड्याळं वापरणारे रात्री नेमकं यांत्रिक घड्याळ त्या चार्जरला टेकवून ठेवतात आणि महिन्याभराने मशीनला बोल लावतात.

घरच्या घरी बघायचं तर सुईचं होकायंत्र घ्या आणि घड्याळाच्या कडा एकेक करून जवळ न्या. सुई नुसती ओढली गेली तर ते साध्या पोलादामुळेही होतं. एखाद्या कडेपासून ती दूर ढकलली गेली तर चुंबकत्व नक्की. काढायचा उपाय दोन मिनिटांचा : डीमॅग्नेटायझरवर घड्याळ ठेवून बटण दाबायचं, बटण दाबलेलंच ठेवून घड्याळ सरळ रेषेत हळूहळू हातभर दूर न्यायचं, मग सोडायचं. जवळ असतानाच बटण सोडलं तर आधीपेक्षा जास्त चुंबकत्व चढू शकतं. सिलिकॉनची हेअरस्प्रिंग असेल तर तिला हा त्रास होत नाही.

“दोन वर्षांचा कचरा”

यात तथ्य आहे, आकडा मात्र वापरावर ठरतो. लिथियम-आयन बॅटरी साधारण ५०० ते १,००० पूर्ण चक्रांनंतर (एकूण १०० टक्के खर्च झाले की एक चक्र) मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येते. रोज ६० टक्के खर्च होत असेल तर वर्षाला २१९ चक्रं झाली, म्हणजे ८० टक्क्यांवर यायला सव्वादोन ते साडेचार वर्षं. स्क्रीन कायम चालू ठेवणं आणि उन्हात तापलेल्या गाडीत चार्ज करणं, दोन्ही या हिशेबाला कात्री लावतात.

बॅटरी बदलता येते, पण काम नाजूक आहे. स्क्रीनखालचा गोंद गरम करून मऊ करायचा, पातळ पातं घालून स्क्रीन उचलायची, केबल न ताणता बॅटरी काढायची आणि नवा गोंद बसवायचा. नव्या गोंदाचा आणि दाबाच्या चाचणीचा उल्लेखही दुरुस्ती करणाऱ्याने केला नाही, तर ते घड्याळ त्यापुढे पाण्यापासून लांब ठेवावं.

खरं दुखणं बॅटरीचं नाहीच, सॉफ्टवेअरचं आहे. ॲपलचं पहिलं घड्याळ २०१५ सालच्या एप्रिलमध्ये आलं आणि २०१८ च्या सप्टेंबरमध्ये आलेली नवी प्रणाली त्याच्यावर चाललीच नाही. त्यात १८ कॅरेट सोन्याचं मॉडेलही होतं. सोनं तसंच राहिलं, घड्याळ जुनं झालं. म्हणून घेताना चौकशी दिखाऊ आकड्यांची नको. अपडेट किती वर्षं मिळणार आणि मॉडेल बाजारात कधी आलंय, हे विचारावं. दोन वर्षं जुनं मॉडेल सवलतीत घेतलं तर त्याच्या आयुष्यातली दोन वर्षं आधीच गेलेली असतात.

“पाण्याला भीत नाही”

तबकडीवर ३० मीटर लिहिलंय म्हणून ३० मीटर खोल जायचं नसतं. तो प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा आकडा आहे; व्यवहारात त्याचा अर्थ हात धुताना उडालेले शिंतोडे. दोन्ही प्रकारांत पाणी अडवणारी वस्तू एकच : रबरी गॅस्केट किंवा गोंद, आणि तो वयाने कडक होतो. साबण आणि गरम वाफ त्याला लवकर संपवतात. यांत्रिक घड्याळाच्या काचेखाली वाफ दिसली तर त्याच दिवशी उघडून घ्यावं, कारण पोलादी भागांवर गंज चढायला आठवडाही लागत नाही.

“नातवाच्या हाती, दसपट किमतीने”

नातवाच्या हाती जाऊ शकतं, हे मान्य. चाक, अक्ष, स्प्रिंग या वस्तू कुशल कारागीर पुन्हा घडवू शकतो. चिप घडवू शकत नाही. पण स्वस्त मशीनच्या बाबतीत सर्व्हिसिंगच्या मजुरीपेक्षा नवं मशीन बसवणं परवडतं, आणि कारागीर तेच करतो. मग नातवाला मिळते ती डबी, तबकडी आणि काटे. किंमत वाढते ती मोजक्या कंपन्यांच्या मोजक्या मॉडेल्सची. बाकीची दुकानाबाहेर पडताच उतरतात, आणि हौसेने पॉलिश केलं तर आणखी.

“रेडिएशन शून्य”

ब्लूटूथची ताकद बहुधा १० मिलिवॅटच्या आत असते; सिम असलेल्या घड्याळाची त्याहून जास्त. या लहरी अणूतले इलेक्ट्रॉन उडवू शकत नाहीत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली रेडिओलहरींना “कदाचित कर्करोगकारक” अशा २-ब गटात टाकलं, त्याचा दाखला हटकून दिला जातो. त्यामागे मुख्यतः फोन डोक्याला लावून बोलण्याचा अभ्यास होता आणि पुरावा मर्यादित आहे असं संस्थेनेच म्हटलं होतं.

खरी किरणोत्सारी घड्याळं कुठली, तर अंधारात चमकणारी जुनी यांत्रिक. विसाव्या शतकात १९६० च्या दशकापर्यंत काट्यांवर आणि आकड्यांवर रेडियमचा रंग लावत. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं. चमकणारं झिंक सल्फाइड काही वर्षांत निकामी होतं, म्हणून रंग तपकिरी आणि विझलेला दिसतो, पण आतलं रेडियम जवळपास होतं तेवढंच शिल्लक असतं. असं घड्याळ हौसेखातर उघडू नये आणि रंग खरवडू नये, भुकटी श्वासातून जाते. बंद पेटीत अशी अनेक साठवली तर रेडियमपासून निघणारा किरणोत्सारी रॅडॉन वायू साचतो. नंतरच्या तबकड्यांवर ६ च्या खाली “टी” हे अक्षर दिसतं, ते ट्रिटियम या दुसऱ्या किरणोत्सारी पदार्थाचं. त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं आणि किरण इतके दुबळे, की काच अडवते. आजच्या बहुतेक घड्याळांतला चमकरंग किरणोत्सारी नसतो.

“ठोके-बिके सगळ्या थापा”

थापा नाहीत, पण कशावर किती विसंबायचं ते कळायला हवं. मागच्या बाजूचा हिरवा प्रकाश त्वचेत जातो. रक्त तो शोषतं, आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारावरून ठोके मोजले जातात. बसल्याजागी हा आकडा चांगला येतो. पट्टा सैल असेल, हात गारठले असतील किंवा गडद गोंदण असेल तर बिघडतो. धावताना एक गंमत होते : पावलं मिनिटाला १६५ पडत असतील तर घड्याळ त्याच तालाला ठोके समजून बसतं. उपाय म्हणून घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर आणि व्यायामापुरतं घट्ट बांधावं. अचूक हवं असेल तर छातीचा पट्टा.

ॲपलच्या साहाय्याने झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४,१९,२९७ जण होते. अनियमित नाडीची सूचना मिळाली २,१६१ जणांना, म्हणजे ०.५२ टक्के. सूचनेनंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावून ती परत पाठवलेल्यांपैकी ३४ टक्क्यांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा विकार, सापडलं. हा विकार येतो-जातो, त्यामुळे उरलेल्यांची सूचना खोटीच होती असंही नाही. घड्याळावरचा ईसीजी एकाच लीडचा असतो, म्हणजे हृदयाकडे एकाच दिशेने बघतो. हृदयविकाराचा झटका त्यात कळत नाही. छातीत दुखत असताना “घड्याळ नॉर्मल म्हणतंय” म्हणून घरी बसणं जिवावर बेतू शकतं. रक्तदाब दाखवणारी सॅमसंगची घड्याळं दर २८ दिवसांनी कफच्या यंत्राशी जुळवून घ्यावी लागतात. आणि सुई न टोचता रक्तातली साखर सांगणारं घड्याळ ही मात्र खरोखर थाप : अमेरिकेच्या एफडीएने अशा एकाही घड्याळाला मंजुरी दिलेली नसल्याचा इशारा २०२४ च्या फेब्रुवारीत दिला.

“आजच काढून फेका”

अख्ख्या मजकुरातली ही एकच कृती, आणि तीच धोक्याची. लिथियम बॅटरी कचऱ्याच्या गाडीत चेपली गेली की पेट घेऊ शकते. स्क्रीन एका बाजूने उचललेली दिसली तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग ताबडतोब बंद करावं, स्क्रीन दाबून बसवायला जाऊ नये, घड्याळ जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावं आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे तसंच द्यावं. घड्याळ चालू असून दुसऱ्याला द्यायचं असेल तर आधी फोनवरून जोडणी तोडून सगळं पुसून घ्यावं. नाहीतर ते जुन्या मालकाच्या खात्याला कुलूपबंद राहतं आणि नव्या माणसाच्या हाती खरोखरच कचरा पडतो.