नकुसा आणि दगडू एका माळेत नकोत

विचित्र नावांच्या याद्या इथे सोशल मीडियावर अधूनमधून फिरत असतात. त्यात दगडू, धोंडू, कचरू, उकिरडा यांच्या शेजारीच नकुसा, नकुशी, म्हणजे ‘नकोशी’, ही नावं बसवलेली असतात आणि खाली एकच शेरा, ‘अंधश्रद्धा’. मला हे अजिबात पटत नाही. दोन्ही नावं कानाला सारखीच बोचतात, पण त्यांच्यामागची मनं अगदी वेगळी आहेत.

ज्या घरात आधीची दोन-तीन लेकरं दगावली, त्या घरात पुढचं पोर तरी जगावं म्हणून दगडू, कचरू ही नावं ठेवली जायची. नजर लागू नये, सटवाईचं लक्ष जाऊ नये, म्हणून. कुठे बाळाला सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचे, शेजारीण उचलायची आणि आई मूठभर धान्य देऊन आपलंच बाळ तिच्याकडून परत विकत घ्यायची. बंगालात हेच कवड्या मोजून होई, म्हणून तिथे तिनकडी, पाचकडी ही नावं. मंगोलियात अजूनही नेरगुइ म्हणजे ‘नाव नसलेला’ आणि एनेबिश म्हणजे ‘हा नव्हे’ अशा नावांची माणसं भेटतात. वाईट शक्ती दारात येऊन विचारेल तेव्हा तिला उत्तर मिळावं, हा नव्हे. जीव मुठीत धरून बसलेल्या आईबापांनी बाळावर घातलेलं हे पांघरूण आहे. नायजेरियातले योरुबा लोक तर मुलाशीच बोलतात. आधीची भावंडं गेली असतील तर नव्या बाळाचं नाव दुरोजाइये ठेवतात, ‘थांब आणि आयुष्याचा आनंद घे’. किंवा मालोमो, ‘पुन्हा जाऊ नकोस’.

आता नकुसा बघा. ती तिसरी किंवा चौथी मुलगी. धडधाकट, तिला कुणापासूनही लपवायचं नाही. हे नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो, एवढाच समज. म्हणजे निरोप देवाला, वाट बघायची ती मुलाची, आणि तो निरोप जन्मभर अंगावर बाळगायचा पोरीनं. चीनमधल्या झाओदी आणि लायदी या नावांतही हीच गोष्ट, त्या न जन्मलेल्या धाकट्या भावाला हाक मारतात. बंगालीतली अन्नाकाली म्हणजे ‘आर ना, काली’, आणखी नको गं माय काली. हरियाणात भतेरी, म्हणजे पुष्कळ झाल्या. तमिळनाडूत वेंडाम, म्हणजे सरळ ‘नको’. तुर्की भाषेत येतेर, म्हणजे पुरे. एकमेकींची भाषा न कळणाऱ्या या बायकांची नावं मात्र एकच बोलतात, आणि मला याचा संताप येतो.

आपल्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते. पाळण्याखालून-वरून ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ होतं, घुगऱ्या वाटतात. त्या सगळ्या गोडव्यात एका बाईनं वाकून बारा दिवसांच्या पोरीच्या कानात ‘नकुसा’ म्हणायचं! तेही त्या बाईनं, जिचा स्वतःचा जन्मही कदाचित असाच हिरमुसल्या तोंडांनी साजरा झाला असेल. पहिल्यांदा कानावर पडणारा आपला शब्द हा असा.

२२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा जिल्हा परिषदेनं अशा २८५ मुलींचं जाहीर नामकरण केलं. मुलींनी आपापली नावं स्वतः निवडली, कुणी ऐश्वर्या, कुणी देवीचं नाव. मला तो कार्यक्रम फार मोलाचा वाटतो. ज्या खंडाळा तालुक्यात, नायगावला, १८३१ साली सावित्रीबाईंचा जन्म झाला, तो याच जिल्ह्यात आहे. पण बदललेलं नाव पाठीला लागलेल्या जुन्या कागदांतून काढणं सोपं नसतं.

आमच्या आजोळी, माण तालुक्यात, एक मावशी होत्या. माहेरच्या नकुसा. लग्नात सासरच्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं. सुनेचं नाव बदलण्याची ही रीत मला मुळीच मान्य नाही, आईबापांनी दिलेलं नाव पुसण्याचा हक्क कुणाला? तरीही मावशी म्हणायच्या, “त्या दिवशी मला पहिल्यांदा चारचौघांत सांगता येईल असं नाव मिळालं गं.” यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. पुढे नवरा गेल्यावर निराधार योजनेसाठी त्या गेल्या, तर रेशनकार्डावर सासरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावर नकुसा. दोन्ही बाया एकच, असं प्रतिज्ञापत्र करून आणा म्हणाले. साठीतल्या बाईनं खिडकीसमोर उभं राहून मोठ्यानं सांगायचं, हो, नकुसा मीच. मागे रांगेत गावातली माणसं. त्या घरी आल्यावर दोन दिवस धड जेवल्या नाहीत.

म्हणून माझं म्हणणं शिक्षिका, अंगणवाडी सेविका, ग्रामसेवक यांना आहे. हजेरीपटावर असं नाव दिसलं तर पालकांशी बोला आणि मुलगी शाळेत आहे तोवरच जनरल रजिस्टरात बदल करून घ्या. शाळा सुटली की राजपत्राचा अर्ज, शुल्क, प्रतिज्ञापत्र, मग आधार, मग बँक, असं एकामागून एक सुरू होतं आणि मजुरी बुडवून एवढे हेलपाटे घालणं कुणाला परवडतं?

आणि मोठ्या झालेल्या नकुसांचं काय? १ मे २०२४ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या सरकारी कागदपत्रांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव, असा राज्य सरकारचा निर्णय आहे. निर्णय उत्तमच. पण आईचं नाव नकुसा असेल तर ते आता तिच्या लेकरांच्याही दाखल्यावर येणार. सरकारनं या बायांसाठी तालुक्यातालुक्यांत शिबिरं घ्यावीत, राजपत्राचं शुल्क माफ करावं आणि आधारपासून मतदार यादीपर्यंतचे सगळे बदल एकाच अर्जात, एकाच दिवशी करून द्यावेत. तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल आणि तिला नाव बदलायचं असेल, तर मला इनबॉक्समध्ये लिहा, अर्ज भरायला मी सोबत येते.