इंदूरच्या पोरांना त्यांचा रविवार द्या

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी तो आकडा ९० वर नेला आणि रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, असंही विचारलं. तेव्हा उठलेला धुरळा बाहेर केव्हाच बसला. आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरात मात्र तो वाद अजून चालू आहे.

बाबांचं म्हणणं असं की हल्लीच्या मुलांना शनिवार उजाडला की मांडू नाहीतर महेश्वर सुचतं, एका कॉफीला हॉटेलात अडीचशे रुपये मोजतात आणि वर थकलो म्हणतात. माझी मावसबहीण एका आयटी कंपनीत आहे. तिचं उत्तर एकच: काका, रात्री साडेअकराला फोन येतो, तो कोण उचलतं? मी जर्मनीत ड्रेस्डेनला राहतो; फोन स्पीकरवर टाकून दोघं मला इथे न्यायाधीश नेमतात. मी बहिणीच्या बाजूनं आहे, आणि त्याची कारणं नीट मांडायची आहेत.

जर्मन लोक कमी काम करतात म्हणून सुखी आहेत, असा इंदूरमध्ये एक समज आहे. कागदावर बघाल तर आपला २०२५ पर्यंत लागू असलेला १९४८ चा कारखाने कायदाही ४८ तासांचाच आठवडा सांगत होता आणि इथला १९९४ चा कायदाही सरासरी ४८ तासांचीच कमाल मर्यादा घालतो. फरक दुसरीकडे आहे. इथे एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशीचं सुरू होईपर्यंत सलग अकरा तास विश्रांती द्यावी लागते. आणि रविवार तर थेट संविधानात आहे: १९१९ च्या वायमार संविधानातलं कलम १३९ आजच्या संविधानानं तसंच कायम ठेवलंय. दुकानं बंद. बेकऱ्या काही तास उघडतात, स्टेशनवर थोडंफार मिळतं, बाकी शनिवारी दूध आणायचं राहिलं तर काळा चहा प्यायचा. माझ्या टीममध्ये रविवारी कुणी कुणाला मेसेज करत नाही. कुणी तसा नियम सांगितला नव्हता, पण सगळे पाळतात.

हे परक्यांचं कौतुक आहे असं बाबांना वाटतं. पण आपल्याकडे रविवारची सुट्टी कुणी आयती दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून ती मागितली, रविवार हा खंडोबाचा वार आहे असं मालकांना सांगितलं, आणि १० जून १८९० ला ती मिळवली. माझे आजोबा इंदूरच्या एका कापड गिरणीत होते. भोंगा वाजला की पाळी संपली, मग मालकालाही त्यांना बोलावता येत नसे. बाबांच्या लहानपणच्या ज्या गोष्टी ते आम्हाला पुन्हापुन्हा सांगतात, त्या सगळ्या आजोबांच्या सुट्टीच्या दिवसांच्या आहेत: मीटरगेजच्या गाडीनं पातालपाणी, डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी, आणि पावसात पुढे कालाकुंडपर्यंत. तो आनंद बाबांना मिळाला याचं कारण भोंगा होता. लॅपटॉपला भोंगा नाही.

आता इथला माझा शनिवार. ड्रेस्डेनहून एल्बे नदीच्या काठाकाठानं लोकल जाते, राटेन नावाच्या खेड्यात उतरायचं. पलीकडे जायला एक तराफ्यासारखी नाव आहे, तिला इंजिन नाही. नदीत वरच्या बाजूला नांगरलेल्या लांब तारेला ती बांधलेली असते, नावाडी तिला प्रवाहाशी तिरकी धरतो आणि पाणीच तिला पलीकडे ढकलत नेतं. मग चढण, वर १८५१ सालचा बास्टाईचा दगडी पूल, खाली उतरून आयरशेके नावाचा केक: तळाशी पाव, मध्ये चक्क्यासारखा क्वार्क, वर अंड्याचा पिवळा मऊ थर. झाली सहल. मला या गाडीचं वेगळं तिकीट लागत नाही, कारण देशभरातल्या लोकल, बस आणि ट्रामला चालणारा एक महिन्याचा पास आहे. मे २०२३ मध्ये तो ४९ युरोंना निघाला, २०२६ पासून ६३ झाला आणि त्यावरून इथेही लोक चिडलेत. तरीही शिकणारं पोर आणि बँकेतला साहेब एकाच डब्यातून डोंगरात जातात. इंदूरमध्ये ज्याच्याकडे गाडी नाही त्यानं मांडूला पावसाळ्यात कसं जायचं, हे बाबांनी एकदा बस बदलत जाऊन बघावं.

पण इथे जे नाही तेही सांगायला हवं, नाहीतर मी खोटा ठरेन. रविवारी दुपारी इथली शांतता अंगावर येते. न कळवता कुणाच्या दारात उभं राहता येत नाही. इंदूरच्या सराफ्यात मात्र सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर कढया चढतात, आणि मध्यरात्री आजी, नातू, कॉलेजची पोरं, दुकानातून सुटलेला कारागीर असे सगळे खांद्याला खांदा लावून भुट्ट्याचा कीस खातात. थंडीत गराडू नावाचा कंद: तळलेला गरमगरम तुकडा, वर जिरावण मसाला, लिंबू, बोटं भाजतात तरी थांबवत नाही. असं सगळ्या वयांचं, सगळ्या खिशांचं सुख मला अख्ख्या युरोपात सापडलेलं नाही. भिया, ते जपा.

इंदूरनं २०२२ मध्ये बीआरटीएसच्या, म्हणजे जलद बसच्या खास रस्त्याच्या, कडेची दुकानं रात्रभर उघडी ठेवून बघितली आणि २०२४ मध्ये दारू आणि भांडणांच्या तक्रारींमुळे ते बंद केलं. बंद झालं ते मला बरं वाटलं. रात्रभर उघडं दुकान म्हणजे रात्रभर उभा असलेला कुणीतरी तरुण, आणि त्याच्या झोपेचा विचार त्या चर्चेत फारसा झाला नाही. तरुणांना जागण्यासाठी आणखी तास नकोत, दिवसाचे आपले तास हवेत.

पातालपाणी ते कालाकुंड हा घाटाचा जेमतेम दहा किलोमीटरचा तुकडा रेल्वेनं वारसा म्हणून राखला, २०१८ च्या डिसेंबरपासून त्यावर पर्यटकांची गाडी धावते. बोगदे, दरी, पावसात धबधबा, आणि कालाकुंडला पानाच्या द्रोणात कलाकंद. माझ्या बहिणीनं दोनदा तिकीट काढलं आणि दोन्ही वेळा ऐन शनिवारी तातडीचं काम निघालं. तिला चैन परवडते की नाही हा प्रश्नच नाही, त्या गाडीत ती फोन बंद करून बसू शकते का, हा आहे. कामाच्या वेळेनंतर साहेबाचा फोन न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. तसा कायदा अजून झालेला नाही. बाबा, पुढच्या वेळी वाद घालताना त्या कायद्याच्या बाजूनं घाला, आणि पावसाळ्यात तिच्याबरोबर कालाकुंडला जा.