चोवीसची गाडी

आमच्या दिग्रसकडे नवी गाडी दारात उभी राहिली की किंमत कोणी विचारत नाही. किंमत सगळ्यांना आधीच माहीत असते, कर्ज कोणत्या बँकेचं तेही. विचारतात ते एकच, "ॲवरेज काय देऊन राहिली?" बाजारात विचारतात, पंगतीत विचारतात. एका मयतीत तर खांदा बदलता बदलता एकाने कानाशी येऊन विचारलं.

जाहिरातीत 24 होतं. गाडी देते 15, तेही तिच्या मनात असलं तर. टाकी काठोकाठ फुल, मीटरचा आकडा डायरीत, पुन्हा फुल, मग भागाकार. सर्व्हिसिंगवाल्या पोराला डायरी दाखवली, तर तो माझ्या पायांकडे पाहत म्हणाला, "काका, क्लचवर पाय ठेवून चालवता काय?"

शेवटी यवतमाळला वकिली करणाऱ्या भाच्याला फोन केला. तो खूश. आठ लाखांच्या गाडीसाठी ग्राहक आयोगाची फी म्हणे 200 रुपये. तेवढ्यात दोन लिटर पेट्रोलही येत नाही. वर त्याने दाखले दिले. केरळात त्रिशूरच्या ग्राहक आयोगाने 32 च्या दाव्याची फोर्ड तपासायला लावली, ती 20 सुद्धा देईना. मालकिणीला 3 लाख 10 हजारांची भरपाई. अमेरिकेत ह्युंदाई आणि कियाला 2014 मध्ये 10 कोटी डॉलरचा दंड. कॅलिफोर्नियात 2012 साली एका बाईने वकील न लावता होंडाविरुद्ध साडेनऊ हजारांवर डॉलर जिंकले. "मिळाले का मग?" मी विचारलं. "अपिलात गेले," तो जरा हळू आवाजात म्हणाला.

कंपनीचा बचाव काय असेल, तेही त्यानेच सांगितलं. 24 खोटं नाहीच. फक्त ते रस्त्यावरचं नाही. चाचणीत गाडी रोलरवर उभी करतात. चाकं जागच्या जागी फिरतात, वेग 90 च्या वर जात नाही, एसी बंद, आणि वीसेक मिनिटांत खेळ आटोपतो. पेट्रोलसुद्धा मापाने मोजत नाहीत, धुरावरून हिशेब काढतात. त्या वीस मिनिटांत समोर म्हशी येत नाहीत, रस्त्यावर कोणी सोयाबीन वाळू घातलेलं नसतं, आणि मागच्या सीटवर मामेसासऱ्यांसकट पाच जण सरकीच्या पोत्यावर पाय ठेवून बसलेले नसतात. मे महिन्यात आमच्याकडे एसी बंद करून यवतमाळ गाठलं तर ॲवरेज मिळेलही, पण उतरायला माणूस शिल्लक राहायचा नाही.

"ते मी बघतो," भाचा म्हणाला. "दोन-चार साक्षीदार द्या. गावातले चालतील."

इथे घोळ झाला. कारण गावाला गाडी 24 ची आहे हे पक्कं ठाऊक आहे. आमचे बाबा रोज पारावर तेच सांगतात. मध्यंतरी त्यांनी 26 केलं होतं, पावसाळ्यात पुन्हा 24 वर आणलं. त्यांच्या शब्दावर माझ्या साडूने हीच गाडी घेतली, रंगसुद्धा तोच. म्हणजे केस उभी राहिली तर अख्खा पार कंपनीचा साक्षीदार, आणि साडू बहुधा माझ्याच घरावर केस टाकणार.

भाच्याला हे सांगितलं तर तो हसत सुटला. 2019 च्या कायद्यात म्हणे दिशाभूल करणारी जाहिरात करणाऱ्यालाच नव्हे, तिच्यात तारीफ करणाऱ्यालाही 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय वर्षभर तारीफबंदी. "आजोबा बसतात का त्यात, पाहावं लागेल."

फोन स्पीकरवर होता. आई तूर निवडत होती, तिचा हात थांबला.

"वर्षभर बोलनं बंद?"

"तसंच काहीतरी, आजी. पुन्हा केलं तर तीन वर्षं."

आईने सूप बाजूला ठेवलं. "मंग दुसऱ्या वक्ताचाच अर्ज लिही ना बावा. आज सकाळीच थे अठ्ठावीस सांगून आले."