पुतळा थांबण्याचा

ऑस्ट्रेलियाच्या खेळातले संस्मरणीय क्षण म्हटले की आपल्याकडे गाडी क्रिकेटच्या पुढे जात नाही. त्यातही हमखास निघतो तो १९८१ चा सरपटी चेंडू. १ फेब्रुवारी, मेलबर्न. न्यूझीलंडला बरोबरीसाठी शेवटच्या चेंडूवर षटकार हवा होता. ऑस्ट्रेलियाच्या कर्णधारानं, ग्रेग चॅपेलनं, धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, चेंडू जमिनीवरून घरंगळत सोडायला सांगितलं. ब्रायन मॅकेक्नीनं तो अडवला आणि वैतागून बॅट भिरकावली. 'जिंकायला हे लोक काहीही करतील' याचा पुरावा म्हणून आपण तो आजही देतो.

मला हा पुरावा अर्धवट वाटतो. चॅपेलला समालोचक रिची बेनोनं टीव्हीवरून सोलून काढलं. पंतप्रधान फ्रेझरनी जाहीर नापसंती दाखवली. सख्खा थोरला भाऊ इयानही पाठीशी उभा राहिला नाही.

आणि त्याच मैदानावर नऊच दिवसांनी आपल्या गावसकरनं काय केलं? लिलीच्या चेंडूवर पायचीत दिलं म्हणून चिडून जोडीदार चेतन चौहानलाही सोबत घेऊन मैदानाबाहेर निघाला की तो! सीमारेषेवर मॅनेजर दुराणींनी चौहानला परत पाठवलं म्हणून कसोटी वाचली. पुढे कपिलनं पाच बळी घेतले, ऑस्ट्रेलिया ८३ वर गारद झाली, आपण जिंकलो. गावसकरनं नंतर त्या प्रकाराबद्दल खंत व्यक्त केली. आपण मात्र अजून त्याला बाणेदारपणाच म्हणतो.

माझ्या लेखी ऑस्ट्रेलियाचा सर्वांत मोठा क्षण मेलबर्नचाच, पण मार्च १९५६ मधला. राष्ट्रीय स्पर्धा, एक मैलाची शर्यत. जॉन लँडी हा चार मिनिटांच्या आत मैल पळालेला जगातला दुसरा माणूस, बॅनिस्टरनंतर अवघ्या ४६ दिवसांनी. त्याच वर्षअखेर त्याच शहरात ऑलिम्पिक होणार होतं, आणि लोकांना लँडीकडून वेगवान वेळेची आस होती. तिसऱ्या फेरीत १९ वर्षांचा रॉन क्लार्क कोसळला. मागून आलेल्या लँडीनं त्याच्यावरून उडी मारली, पण बुटाचे खिळे क्लार्कला लागलेच. लँडी थांबला, मागे फिरला, त्याची माफी मागितली. क्लार्क म्हणाला, तू पळ. तोवर बाकीचे बरेच पुढे निघून गेले होते. लँडीनं सगळ्यांना गाठलं आणि ४ मिनिटं ४.२ सेकंदांत शर्यत जिंकली.

खरं सांगू? तो जिंकला याचं मला थोडं वाईटच वाटतं. जिंकल्यामुळे गोष्ट फार गोड झाली, शाळेच्या फळ्यावर लिहिण्याजोगी. तो पाचवा आला असता तर आपल्यापर्यंत पोचली असती का, शंकाच आहे. पण मागे वळताना निकाल त्याला थोडाच ठाऊक होता? विक्रमाची संधी तर त्या वळण्यातच गेली.

नोव्हेंबरमध्ये ऑलिम्पिकची ज्योत क्लार्कनं पेटवली, खेळाडूंच्या वतीनं शपथ लँडीनं घेतली. १५०० मीटरमध्ये त्याला कांस्य मिळालं. आज मेलबर्नच्या ऑलिम्पिक पार्क परिसरात शिल्प आहे ते त्याच्या पदकाचं नाही. लँडी पडलेल्या क्लार्ककडे वळलाय, त्या क्षणाचं आहे.

चॅपेलच्या बाजूनं बोलायचं असेल तर जरूर बोला, कमेंट उघड्याच आहेत. फक्त 'तेव्हाच्या नियमात बसत होतं' हे सांगू नका. ते मला मान्यच आहे. लँडीलाही थांबायला कुठला नियम सांगत नव्हता.